रायपेरियन

रायपेरियन : नदीच्या काठाशी संबंधित, काठावर राहणारा किंवा उगवणारा, काठाला जमीन असल्यामुळे मिळालेला, अशा अर्थांचे इंग्रजी विशेषण. ओढ्यानाल्याच्या काठालाही ते चालते. तलाव आणि समुद्र यांच्या किनाऱ्यासाठी मात्र काटेकोर इंग्रजीत ‘लिटोरल’ हे वेगळे विशेषण आहे. उच्चार ‘रायपेरियन’ आणि ‘रिपेरियन’ असे दोन्ही होतात. रोजच्या इंग्रजी बोलण्यात हा शब्द सहसा कानावर पडत नाही. पाण्याच्या हक्काचे खटले, राज्याराज्यांमधले पाणीतंटे आणि नदीकाठच्या निसर्गाचा अभ्यास ही त्याची मुख्य ठिकाणे. मराठी लेखनात त्यासाठी ‘तटवर्ती’ वापरतात आणि बोलण्यात ‘नदीकाठचा’ एवढे पुरते. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत कृष्णेच्या काठी या सगळ्या अर्थांची उदाहरणे एकमेकांजवळ सापडतात, म्हणून ही नोंद त्या काठाच्या आधारानेच पुढे नेली आहे.

व्युत्पत्ती : लॅटिनमध्ये ‘रीपा’ म्हणजे नदीचा काठ आणि ‘रीपारियुस’ म्हणजे काठचा. या लॅटिन विशेषणाला इंग्रजी प्रत्यय जोडून ‘रायपेरियन’ हे रूप तयार झाले आणि एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. इंग्रजीच्या मानाने हा शब्द तरुण आहे. पण त्याच कुळातले शब्द कित्येक शतके आधीच इंग्रजीत येऊन स्थिरावले होते. ‘रिव्हर’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी ‘रीपारिया’, म्हणजे काठचा मुलूख, हे नाव आहे. आधी काठाला असलेले नाव पुढे मधल्या प्रवाहाला पडले. ‘अराइव्ह’ या क्रियापदाचा मूळ अर्थ काठाला लागणे असा. नावेतून उतरणाऱ्यापुरते असलेले क्रियापद पुढे कुठेही पोहोचणाऱ्याला लागू झाले. इटलीचा ‘रिव्हिएरा’ही याच घराण्यातला.

‘रीपा’च्याही मागे जाणारे अभ्यासक तिचा संबंध फाडणे, कापणे, कोसळवणे या अर्थांच्या मुळांशी लावतात. म्हणजे काठ ही पाण्यालगतची नुसती रेघ नव्हे, तर जमीन जिथे तुटते ती जागा. कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पलूस आणि वाळवा तालुक्यांत पावसाळा सरून पाणी उतरले की काठ जागोजागी उभा कापल्यासारखा दिसतो आणि दरवर्षी त्याचा थोडा थोडा भाग ढासळतो. संस्कृतातील ‘दृ’ या फाटण्याच्या धातूपासून ‘दरी’ झाली, तीही हीच नजर.

इथे एक घोटाळा दूर करायला हवा. ‘रायव्हल’ म्हणजे प्रतिस्पर्धी हा शब्द ‘रीपा’पासून आला असे अनेकांना वाटते. तसे नाही. त्याचे मूळ ‘रीवुस’ या वेगळ्या शब्दात आहे, ज्याचा अर्थ ओढा किंवा पाट. रोमन कायद्याच्या ‘डायजेस्ट’ या संग्रहात ‘रिवालेस’ म्हणजे एकाच पाटातून पाणी नेणारे लोक, असे स्पष्ट सांगितले आहे. पाळीच्या पाण्यावरून ज्यांच्यात वाद होतात तेच हे शेजारी. दोन शब्दांची मुळे निराळी असली तरी ते एकमेकांच्या सोबतीनेच फिरतात, कारण काठ आला की पाणी आले आणि पाणी आले की वाटेकरी आले.

रोमनांचा काठ : रोमन राज्यव्यवस्थेत काठ ही सरहद्दही होती. डॅन्यूब नदीलगतच्या एका प्रांताचे नावच ‘डाकिया रीपेन्सिस’, म्हणजे काठची डाकिया, असे होते. कायद्याच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे आहे ते सम्राट जस्टिनियनच्या ‘इन्स्टिट्यूट्स’मधले, इ. स. ५३३ मधले, एक छोटे कलम. नदीइतकाच तिच्या काठाचा वापरही सर्वांचा आहे, असे ते सांगते. कोणीही नाव काठाला लावावी, काठावरच्या झाडाला दोर बांधावा, माल उतरवावा. काठाची मालकी मात्र लगतच्या शेताच्या धन्याची, आणि त्यावर उगवलेली झाडेही त्याचीच. मालकी एकाची आणि वहिवाट सगळ्यांची, ही दुहेरी रचना पुढच्या सगळ्या वादांचे बीज आहे.

वाईचे घाट डोळ्यांसमोर आणले की ही रचना परकी वाटत नाही. तिथे आळीआळीचा घाट वेगळा, कृष्णाबाईचा उत्सवही घाटाघाटाने पाळीपाळीने होतो, तरी घाटावर उतरून पाण्याला हात लावायला कोणाची परवानगी लागत नाही. मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावी उभे राहिले ते हेच गाव, हे जाता जाता नोंदवण्यासारखे.

काठावरचे जीवन : निसर्गशास्त्रात हे विशेषण बहुधा ‘पट्टा’ या नामाला लागते. रायपेरियन पट्टा म्हणजे पाणी आणि कोरडे रान यांच्यामधली, पुराचे पाणी अधूनमधून चढणारी अरुंद जमीन. कृष्णा-कोयनेच्या काठी जिथे हा पट्टा शिल्लक आहे तिथे त्याचे थर वाचता येतात. अगदी पाण्याशी लव्हाळा आणि शेरणी, त्यावर वाळुंज, मग करंज, जांभूळ, उंबर. यातली शेरणी लक्ष देऊन पाहावी. दगडगोट्यांत रुजलेले, अरुंद लांबट पानांचे हे झुडूप. फांद्या इतक्या चिवट की पूर आला की ते आडवे होते, दिवसच्या दिवस पाण्याखाली राहते आणि पाणी ओसरल्यावर फांद्यांत अडकलेल्या काडीकचऱ्यासकट पुन्हा उठते. तिचे शास्त्रीय नाव ‘होमोनोइया रिपारिया’. आपला शब्द तिच्या नावातच आहे.

अशी आणखी नावे आहेत. काठाच्या मातीत आडवे बीळ कोरून घरटे करणाऱ्या पाकोळीच्या एका जातीचे नाव ‘रिपारिया रिपारिया’, म्हणजे काठची ती काठचीच. उत्तर अमेरिकेत नद्यांच्या काठी वाढणारी रानटी द्राक्षवेल ‘व्हिटिस रिपारिया’. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळे खाणाऱ्या किडीने फ्रान्सच्या द्राक्षबागा उजाड केल्या, तेव्हा अमेरिकी जातींच्या मुळांवर युरोपी द्राक्षांची कलमे बांधून बागा परत उभ्या केल्या गेल्या, आणि त्या मुळांमध्ये ही नदीकाठची वेल प्रमुख होती. तासगावच्या बागायतदाराला ‘डॉगरिज’चा खुंट माहीत असतो. तो दुसऱ्या अमेरिकी जातीचा, पण खुंटावर कलम बांधण्याची युक्ती तीच.

हा पट्टा फार कामाचा असतो. झाडांची मुळे काठ धरून ठेवतात, सावलीने उथळ पाणी तापत नाही, गळलेल्या पानांवर पाण्यातले किडे आणि त्यांच्यावर मासे जगतात, शेतातून वाहून येणारी खते काही प्रमाणात इथेच अडतात. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत आणि त्या उन्हात पडायला, बीळ करायला, अंडी घालायला काठच वापरतात. पण आज बऱ्याच ठिकाणी ऊस थेट काठाच्या कडेपर्यंत गेला आहे. वीटभट्ट्यांसाठी माती आणि बांधकामासाठी वाळू उचलली गेली आहे. झाडांचा पट्टा गेला की काठ ढासळतो, आणि मगरी आणि माणसे एकाच अरुंद जागेत येतात. काठाचा हा नाश अनेकदा ज्यांची जमीन त्याच काठाबरोबर खचते त्यांच्याच हातून होतो, आणि म्हणून तो अधिक वाईट वाटतो.

पुराने आणलेल्या गाळाची जमीन, म्हणजे मळई, हेही याच पट्ट्याचे देणे. कृष्णाकाठच्या वांग्यांना भरितासाठी जी मागणी असते तिच्यामागे ही माती आहे. सांगलीजवळ हरिपूर येथे, जिथे वारणा कृष्णेला मिळते, काठच्या मातीचा एक आगळा उपयोग पिढ्यानपिढ्या होत आला. तिथल्या घट्ट, पाणी न झिरपणाऱ्या मातीत खोल पेव खणून त्यांत हळद साठवत. तोंड लहान, पोट मोठे, आतून वैरणीचे अस्तर, वरून मातीने बंद, आणि हळद वर्षानुवर्षे किडीवाचून टिकायची. २००५ च्या महापुरात पाणी पेवांत शिरले आणि हळदीची मोठी हानी झाली. सांगलीच्या हळद बाजाराचा हा जुना आधार त्यानंतर पूर्वीसारखा राहिला नाही.

हक्काचा अर्थ : या विशेषणाला वजन आले ते न्यायालयांत. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ओढ्यानद्यांवर पाणचक्क्या आणि गिरण्या वाढल्या, वरचा पाणी अडवतो आणि खालच्याचे चाक थांबते अशा तक्रारी वाढल्या, आणि त्यांतून रायपेरियन हक्काचे तत्त्व घडत गेले. ज्याची जमीन वाहत्या पाण्याला लागून आहे त्याला ते पाणी वाजवी प्रमाणात वापरता येते, पण खालच्या काठकऱ्यांना इजा न होता. १८५८ मध्ये ब्रिटिश वसाहतींच्या अपिलांचे शेवटचे न्यायालय असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने ‘मायनर विरुद्ध गिल्मर’ या खटल्यात पिण्याचे पाणी, घरगुती वापर आणि जनावरे हा साधारण वापर एका बाजूला आणि शेती, गिरणी हा त्यापलीकडचा वापर दुसऱ्या बाजूला असा भेद केला. पहिल्यात वरच्याला बरीच मोकळीक, दुसऱ्यात इतरांच्या हक्काची मर्यादा. १८७६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्स या तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे टेम्स नदीवरच्या एका धक्क्याचा वाद आला. नदीचा तळ आपल्या मालकीचा नसेल तर हक्क कसा, असा मुद्दा होता. लॉर्ड सेल्बर्न यांनी शब्दाकडेच बोट दाखवले : हा हक्क काठाचा आहे, तळाचा नाही, जमिनीला पाण्याचा स्पर्श कडेने झाला तरी पुरे. लॅटिन ‘रीपा’ने खटल्याच्या निकालाला हातभार लावल्याचे हे ठळक उदाहरण.

अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागाने हे तत्त्व नाकारले. तिथे खाणवाले आणि शेतकरी नदीपासून कित्येक मैल लांब पाणी नेत होते. ‘ज्याने आधी वापर सुरू केला त्याचा हक्क आधी’ हा नियम तिथे रुजला आणि १८८२ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने काठाचा हक्क आपल्याकडे लागू नाही असे स्पष्ट केले.

त्याच १८८२ साली भारतात सुविधाधिकार अधिनियम, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वहिवाटीच्या हक्कांचा कायदा, झाला. त्याच्या कलम ७ खालच्या एका उदाहरणात काठच्या जमीनमालकाचा हक्क जवळजवळ इंग्लंडच्याच शब्दांत येतो : पिण्याला, घराला, गुरामेंढरांना पाणी, आणि इतर काठकऱ्यांना भरीव नुकसान न करता त्या जमिनीच्या भिजवणीला आणि तिच्यावरच्या कारखान्याला पाणी. पण त्याच कायद्याने नद्यांचे पाणी साठवण्याचा आणि वाटण्याचा सरकारचा अधिकारही अबाधित ठेवला. त्याआधीच, १८७९ मध्ये, मुंबई इलाख्यात पाटबंधाऱ्यांचा कायदा झाला होता, आणि आज महाराष्ट्रात १९७६ चा पाटबंधारे अधिनियम आहे. त्यामुळे काठाला जमीन आहे म्हणून हवे तेवढे पाणी उचलता येते, ही समजूत टिकत नाही. काठावर मोटार बसवायची तर परवाना लागतो, टंचाईत उपसाबंदीचा आदेश निघतो आणि मोटारी बंद ठेवाव्या लागतात. तरीही सवयीत काठाचा हक्क जिवंत आहे. जूनमध्ये पाणी चढू लागले की माणसे जमवून मोटारी वर ओढायच्या, ओसरले की पुन्हा खाली सोडायच्या, आणि कोणाची पाइपलाइन कोणाच्या बांधावरून जाणार हे बसून ठरवायचे, हे सारे काठकरी आपसांतच करतात.

काठच सरकला तर काय, हाही प्रश्न येतो. जमीन महसूल संहितेत मळईच्या जमिनीची स्वतंत्र तरतूद आहे. सरकारकडे आलेली अशी जमीन द्यायची झाली तर ती आधी लगतच्या काठाच्या भोगवटादाराला देऊ करायची असते. काठाची जवळीक इथेही हक्काला जन्म देते. उलट शहरात काठ बंधने आणतो. सांगलीत घर घेताना लोक निळ्या आणि लाल पूररेषेची चौकशी करतात. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि एरवी काठापासून दूर समजले जाणारे भागही काठात जमा झाले.

राज्ये काठकरी होतात तेव्हा : व्यक्तीचा हक्क जसा, तसा राज्याचा. नदी ज्या राज्यांतून वाहते ती ‘रायपेरियन राज्ये’, उगमाकडचे वरचे आणि पुढचे खालचे. महाबळेश्वरला उगम पावणाऱ्या कृष्णेवर महाराष्ट्र वरचा. १९५६ च्या आंतरराज्य पाणीतंटा कायद्याखाली १९६९ मध्ये न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद नेमला गेला. त्याने ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षी तरी मिळेल असे, २,०६० अब्ज घनफूट, म्हणजे सगळे ज्याला टीएमसी म्हणतात ते, पाणी धरून महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशाला ८०० टीएमसी दिले. लवादाने जुन्या काठाच्या तत्त्वाऐवजी समन्यायी वाटप हा पाया मानला. कोयनेचे पाणी सह्याद्री ओलांडून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला, खोऱ्याबाहेर, जाते. काठाच्या कडक तत्त्वात हे बसले नसते. लवादाने ते मर्यादा घालून मान्य केले.

वरचा खालच्याला त्रास देतो, हा या वादांचा नेहमीचा साचा. सांगलीत तो उलटा आहे. खालच्या कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने पूर ओसरत नाही, अशी तक्रार इथला काठ करतो, आणि न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार लवादाने २०१० मध्ये त्या धरणाची पाणीपातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्यास मुभा दिल्यापासून ती तीव्र झाली आहे. पुराला पाऊस, वरच्या धरणांतून सोडलेले पाणी, पात्रातली अतिक्रमणे, सारेच कारण असते, आणि अलमट्टीचा वाटा किती यावर अभियंत्यांत मतभेद आहेत. पण खालच्या काठकऱ्याकडूनही वरच्याला इजा होऊ शकते, हा मुद्दा कायद्याने गांभीर्याने घ्यावा असाच आहे.

काठाबाहेरचे : या विशेषणाची खरी परीक्षा कृष्णाकाठापासून पूर्वेला गेल्यावर होते. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ हे दुष्काळी तालुके. तिथल्या शेतकऱ्याची जमीन कृष्णेला कुठेच लागत नाही. काठ हाच हक्काचा उगम मानला तर त्याला कधीच पाणी मिळू नये. पण खोऱ्याच्या नजरेने पाहिले तर चित्र बदलते. खटावची येरळा कृष्णेला मिळते, माणगंगा भीमेला आणि भीमा कृष्णेला. ही माणसे काठाबाहेरची असली तरी खोऱ्याबाहेरची नाहीत. टेंभू, ताकारी आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजना याच युक्तिवादावर उभ्या आहेत : कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून पठारावर चढवायचे. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासारख्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदांमधून आणि मोर्च्यांमधून समन्यायी पाणीवाटपाची मागणी लावून धरली, आणि ती केवळ योजना पुऱ्या करा एवढ्यावर थांबली नाही. पाणी जमिनीच्या आकारावर नव्हे, कुटुंबागणिक वाटावे, असा तिचा गाभा होता.

खानापूर तालुक्यात येरळेवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी १९८० च्या दशकात ‘बळीराजा’ हे छोटे धरण बांधले तेही याच विचाराने. पात्रातली वाळू ठेकेदाराला न देता गावाने स्वतः तिच्यातला काही भाग विकला आणि तो पैसा धरणाला लावला, शिवाय श्रमदान केले. पाण्याचा वाटा ठरवताना काठाला रान असणे ही अट ठेवली नाही. भूमिहीन कुटुंबालाही पाण्याचा हक्क, मग ते पाणी त्याने दुसऱ्याच्या शेतात वाट्याने पीक घेऊन वापरावे. काठ आणि हक्क यांची लॅटिनपासून चालत आलेली गाठ इथे एका गावसभेत सोडवली गेली. या शब्दाच्या इंग्रजी कोशनोंदींत हे उदाहरण येत नाही. ते यायला हवे, कारण रायपेरियन हक्काला पर्याय म्हणून सहसा अमेरिकेचा ‘आधी आला त्याचा’ हा एकच नियम सांगितला जातो, आणि येरळाकाठचा नियम त्या दोन्हींहून निराळा आहे.